आई कशी करते, दाखव

तुमचे बाबा ही गोष्ट विनोद म्हणून सांगतात. व्हिडिओ कॉलवर मी ती त्यांच्या तोंडून बऱ्याचदा ऐकली आहे आणि तुम्ही दोघं हसून लोळता तेही पाहिलं आहे. "मग ताईनं काय केलं?" असं धाकटा विचारतो, आणि बाबा सोफ्यावर आडवे होऊन, दचकून उठून दाखवतात. मीही इकडे हसते. पण त्यांची गोष्ट जिथे संपते तिथे ती खरी संपली नव्हती. उरलेली मी लिहून ठेवते आहे. तुम्हाला अजून मराठी वाचता येत नाही, म्हणजे हे तुमची आईच तुम्हाला वाचून दाखवणार. माझं कुठे चुकलं असेल तर तिनं मध्येच थांबून दुरुस्त करावं.

तेव्हा तुम्ही सगळे ठाण्यात माझ्याजवळ राहत होता. तुमचे आजोबा जाऊन दोन वर्षं झाली होती. यापुढे मी 'तू' म्हणेन ती मोठीला, कारण या गोष्टीत धाकटा आईच्या पोटात आहे. आठवा महिना चालू होता आणि तू अडीच वर्षांची होतीस.

तू दिवसभर दुसरंच कोणीतरी असायचीस. सकाळी तू बाबा. डब्याचं झाकण लॅपटॉपसारखं मांडीवर ठेवायचं, रिमोट कानाला लावायचा आणि "हां सर, हो सर, करतो सर" म्हणत गॅलरीत येरझाऱ्या घालायच्या. दुपारी तू आई. फ्रॉकच्या आत उशी कोंबायची, एक हात कमरेवर, दुसरा भिंतीला, आणि "आई गं" म्हणत पाटावर बसायचं. उठताना "अरे, हात दे ना" अशी हाक मारायची, मग बाबा ऑफिसात का असेनात.

मला या सगळ्याचं फार कौतुक होतं. आपल्याकडे मूल बोलायला लागलं की त्याला आल्यागेल्यासमोर उभं करून काहीतरी करून दाखवायला लावतात. आम्हाला लहानपणी श्लोक म्हणायला लावायचे. मी तुला नकला करायला लावत होते. शेजारच्या काकू वाटीभर साखर मागायला आल्या, की "बाबा फोनवर कसे बोलतात, दाखव." कुरिअरवाला सही घ्यायला थांबला, की "आई कशी चालते, दाखव." तू दाखवायचीस, माणसं हसायची, मी तुझ्या हातावर चार मनुका ठेवायचे. तुझी आई स्वयंपाकघरातून "पुरे गं" म्हणायची. ते ती तुला म्हणते आहे असं मी धरून चालले होते.

आता माझ्या घराबद्दल थोडं सांगायला हवं. माझं शिक्षण कॉन्व्हेंटच्या इंग्रजी शाळेत झालं, आणि तिथल्या सिस्टरांनी आम्हाला व्याकरणाइतक्याच कडकपणे पलंग लावायला शिकवलं होतं. चादरीचे कोपरे पाकिटासारखे दुमडून गादीखाली खोचायचे, वरून पलंगपोस असा ताणायचा की त्यावर सुरकुती दिसता कामा नये. सकाळी एकदा तो घातला की रात्रीपर्यंत मोडायचा नाही. दिवसा आडवं व्हायचं ते ताप आला तर. तुमच्या बाबांच्या वेळी नववा महिना लागेपर्यंत मी ऑफिसला जात होते, आणि हे मी बोलता बोलता पुष्कळदा सांगत असे. तुझ्या आईला उद्देशून नाही, सहज. तिच्यासाठी मी एक इंग्रजी पुस्तकही आणलं होतं. शेवटच्या महिन्यांत चालतं-फिरतं राहिलं की बाळंतपण सोपं जातं असं त्यात होतं, त्या पानावर मी खूण घालून दिली होती.

तुझ्या आईला मी "झोपू नकोस" असं कधीही म्हटलं नाही. या वाक्याला मी पुढे बरेच दिवस धरून बसले होते. मी एवढंच करायचे की ती दुपारी पलंगावर टेकलेली असली आणि पाणी प्यायला उठली, तर ती परत येईपर्यंत उशी जागेवर गेलेली असायची आणि पलंगपोस सरळ झालेला असायचा. मुद्दाम करत नव्हते. रिकामा पेला दिसला की आपण उचलून मोरीत ठेवतो, तितक्याच सहज माझे हात ते करायचे.

आणखी एक गोष्ट ठरलेली होती. पहिलं बाळंतपण माहेरी, दुसरं सासरी, असा आपल्याकडे रिवाज. तुझ्या वेळी आई कल्याणजवळ मोहन्याला तिच्या आईकडे गेली होती. धाकट्याचं माझ्याकडे होणार, म्हणून मी हॉस्पिटलात नाव घातलं होतं, बाळंतिणीची खोली रिकामी केली होती, डिंक, अळीव, खारकांचे डबे भरून ठेवले होते. तुझ्या मोहन्याच्या आजीनं फोनवर एकदा विचारलं होतं, की महिनाभर आधी हिला माझ्याकडे पाठवता का. मी म्हटलं, इथे काय कमी आहे? ती म्हणाली, तसं नाही हो ताई, आणि विषय तिथेच राहिला.

चैत्रातलं हळदीकुंकू मी दर वर्षी करते, तुमचे आजोबा गेल्यावरही ते सोडलं नाही. त्या वर्षीही गौर मांडली, कलिंगडाचं कमळ कापलं, आंब्याची डाळ वाटली, पन्हं माठात गार करायला ठेवलं. सोसायटीतल्या बायका संध्याकाळी यायच्या होत्या. तुझी मोहन्याची आजी कल्याणहून एसटीनं खोपटच्या स्टँडवर उतरून, तिथून रिक्षानं, पिशवीभर कैऱ्या घेऊन दुपारीच आली होती. तुझ्या आईला मी हिरवी साडी काढून दिली आणि गुलाबदाणी तिच्या हातात दिली. गर्भार सुनेच्या हातून बायकांवर गुलाबपाणी शिंपडलं जावं, ही माझी हौस. म्हणून ती दाराजवळ उभी होती. बायका येत होत्या, आणि ती उभीच होती.

बसल्या बसल्या एकीनं म्हटलं, तुमच्या नातीच्या नकलांबद्दल ऐकलंय, आम्हाला नाही दाखवणार का? मी याचीच वाट पाहत होते. तुला मध्ये सतरंजीवर उभं केलं आणि म्हटलं, "आई कशी करते, दाखव."

तू उशी मागून घेतलीस. कमरेवर हात, "आई गं", पाटावर बसणं, सगळं झालं. बायकांनी टाळ्या वाजवल्या. तुला आणखी करायचं होतं, आणि मला आणखी दाखवायचं होतं. मी विचारलं, "आणि खोलीत आई-बाबा काय करतात?"

एक-दोघी पदर तोंडाला लावून हसल्या. काय बाई विचारताय, असं कोणीतरी म्हणालं. पण तू अगदी गंभीरपणे बाहुली आणलीस. आधी स्वतः सतरंजीवर डाव्या कुशीवर पडलीस, डोळे मिटलेस, मोठा श्वास सोडलास. मग उठून तिथे बाहुलीला तशीच निजवलीस आणि तू बाबा झालीस. बाहुलीचे पाय मांडीवर घेऊन अंगठ्यांनी दाबायला लागलीस, घोट्यापासून बोटांपर्यंत, सावकाश. मध्येच थांबलीस. मान वळवून पॅसेजकडे कान दिलास आणि तळव्यांनी फरशीवर आवाज केलास, चट, चट, चट. मग कुजबुजलीस, "आजी आली, आजी आली."

पुढचं फार भराभर झालं. बाबानं पाय टाकून रिमोट कानाला लावला. लगेच तू आई झालीस, बाहुली बाजूला ढकललीस, दोन्ही हातांनी सतरंजी ओढून सरळ केलीस आणि कोपऱ्यात उभी राहून गोड हसून म्हणालीस, "काही नाही आई, बसलेच होते."

बाबांची गोष्ट इथे संपते. सगळ्या हसल्या, मीही हसले. तो आवाज मी घरात घालते त्या चपलांचा आहे हे मला हसत असतानाच कळलं. हसणं मग एकेक करून बंद पडलं, गॅसवरच्या कुकरची वाफ उतरावी तसं. तुझी आई अजून दाराजवळच गुलाबदाणी घेऊन उभी होती. ती कोणाकडेच पाहत नव्हती.

मोहन्याची आजी उठली नाही, फक्त म्हणाली, "इकडे ये गं. बस."

तुझी आई बसली. आजीनं तिच्या साडीचा काठ घोट्यावरून वर सारला आणि पायावर अंगठा दाबला. अंगठा काढला तरी तिथे खळगा तसाच राहिला. मला समोरच्या खुर्चीवरून तो दिसत होता.

"कधीपासून हे?"

"आठवडा झाला असेल."

"डॉक्टरांना दाखवलंस?"

"दाखवलं. बीपी जास्त आहे म्हणाले. पडून राहायला सांगितलंय, डाव्या कुशीवर."

"मग?"

आजीनं साडीचा काठ पुन्हा खाली केला, नीट, आणि मग माझ्याकडे पाहिलं. आवाज अजिबात चढवला नाही. "ताई, तुमच्या घरात सगळं जागच्या जागी आहे. माझ्या पोरीला आडवं व्हायला तेवढी जागा नाही."

मी म्हटलं, "मी तिला झोपू नकोस असं कधी म्हटलेलं नाही."

सगळ्या बायकांसमोर म्हटलं. त्यावर कोणी बोललं नसतं तर एक वेळ चाललं असतं. पण तुझी आई बोलली. "नाही गं आई," ती तिच्या आईला म्हणाली, "आईंनी कधीच नाही म्हटलं." तिनं माझी बाजू घेतली. तिच्या पायावरचा खळगा तोवर भरलाही नसेल.

मला आधी लाज वाटली ती बायकांची. हे लिहायला बरं वाटत नाही, पण तसंच होतं. मी घाईघाईनं ओट्या भरल्या, डाळीचे द्रोण हातात दिले, आणि त्या लिफ्टपाशी काय बोलतील याचाच विचार करत राहिले. तुझ्या आईचे पाय, पोटातलं बाळ, हे त्यानंतर मनात आलं. तोपर्यंत मोहन्याच्या आजीनं तुमच्या बाबांना फोन करून ऑफिसातून बोलावलंही होतं.

हॉस्पिटलात बीपी आणखी वाढलेलं निघालं. डॉक्टर म्हणाले, आज ठेवून घेऊ, असंच वाढत राहिलं तर बाळाला आधीच काढावं लागेल, आणि आईला फिट येण्याचाही धोका असतो. 'फिट' हा शब्द ऐकल्यावर मी बाकावर बसले. तुमचे बाबा भिंतीला टेकून उभे होते. मी त्यांना म्हटलं, पाय सुजलेत हे मला सांगायचं नाही का?

"काय सांगणार, आई? तू म्हणाली असतीस, मीठ कमी करा."

मी खरोखर तेच म्हटलं असतं.

"आणि पाय दाबत होतास तर लपवायचं कशाला?"

ते म्हणाले, "तू बघितलं असतंस."

बघितलं असतं तर मी काय केलं असतं, हे मी त्यांना विचारलं नाही. मी काही बोलले नसते. दार ओढून घेतलं असतं, आणि दुसऱ्या दिवशी कुठल्यातरी निमित्तानं सांगितलं असतं, की तुझे आजोबा माझ्या बाळंतपणात दौऱ्यावर होते. हे आम्हा दोघांनाही माहीत होतं.

हॉस्पिटलातून तुझी आई माझ्याकडे आली नाही, परस्पर मोहन्याला गेली. तुलाही घेऊन गेले. मी बॅग भरून दिली, डिंकाचे डबेही दिले. बाळंतिणीच्या खोलीचं दार लावून घेतलं. सोसायटीत विचारलं त्यांना सांगितलं, की तिकडे हवा चांगली आहे. मोहन्याची हवा! ज्या काकूंना लिफ्टमध्ये हे सांगितलं त्यांनी फक्त मान हलवली. त्या हळदीकुंकवाला होत्या.

आठवड्यानं मी भेटायला गेले. कल्याणहून रिक्षा केली. तुझ्या आजोळचं घर तुला आठवत असेल, दोन खोल्या आणि पुढे पडवी. तुझे ते आजोबा तिथल्या कारखान्यात होते, तो बंद पडल्यावरही ते तिथेच राहिले. पुढच्या खोलीत, येणाऱ्या-जाणाऱ्याच्या वाटेतच, जमिनीवर गादी घातली होती आणि तुझी आई त्यावर डाव्या कुशीवर पडली होती. खिडकीला ओला पंचा लावला होता. टीव्ही चालू होता, मोहन्याची आजी गादीला टेकून तांदूळ निवडत होती, आजोबा पेपर वाचत होते. तिच्या निजण्याचं कोणालाच काही नव्हतं. तू तिच्या पाठीला पाठ लावून तशीच पडली होतीस.

मी दारात दिसले मात्र, तुझ्या आईचा कोपर गादीवर टेकला. ती उठायला लागली.

"पडून राहा," मी म्हटलं.

मला ते मायेनं म्हणायचं होतं. वाटेत रिक्षात मी ते मनात म्हणूनही पाहिलं होतं. पण तोंडातून आलं ते ऑफिसात हाताखालच्या माणसांना सांगायचे त्या आवाजात. ती लगेच आडवी झाली. उताणी, पाय जुळवून, हात दोन्ही बाजूंना सरळ, डोळे उघडे. सांगितलं म्हणून पडली होती. तू तिच्याकडे पाहिलंस, आणि तूही तशीच झालीस, पाय जुळवून, हात सरळ, छताकडे बघत.

ते मी फार वेळ पाहू शकले नाही. मोहन्याच्या आजीनं तांदळाचं ताट खाली ठेवलं आणि मला म्हणाली, "चहा टाकते. आत चला." स्वयंपाकघरात पाट दिला. कप हातात देताना हळूच म्हणाली, "ताई, राग मानू नका. जरा इथेच बसा माझ्यापाशी. तुम्ही दिसला नाहीत तर तिला झोप लागेल."

मी बसले. विहिणीच्या स्वयंपाकघरात, सुनेच्या नजरेआड, चहा निवेपर्यंत आणि त्यानंतरही. राग मानायला जागाच नव्हती. थोड्या वेळानं आजी दारातून डोकावून आली आणि म्हणाली, लागली हो. मी मागच्या दारानं निघाले.

धाकटा कल्याणच्या हॉस्पिटलात झाला, वेळेच्या आधी. लहानखुरा होता, पण रडला मोठ्यानं. तुझी आई सुखरूप होती. मी त्याला हातात घेतलं तेव्हा त्याचे पाय आधी पाहिले, आणि मग मोहन्याच्या आजीपुढे मला मान वर करवेना. ती मात्र मला पेढा भरवायला आली होती.

सव्वा महिना झाल्यावर मी तुझ्या आईला विचारलं, कधी येताय घरी? ती म्हणाली, "बघू, आई." तुमचे बाबा तेव्हा मोबाइलमध्ये काहीतरी शोधत होते. महिन्याभरात त्यांनी कळव्याला जागा भाड्यानं घेतली, ऑफिसला जवळ पडते म्हणून. ती जवळ पडत नव्हती. मी काही म्हटलं नाही, आणि या खेपेला माझं न बोलणं निदान कोणाला ऐकू गेलं नसावं.

कळव्याला येताना मी नेहमी आधी फोन करायचे. तुझ्या आईला एकाएकी उठावं लागू नये, एवढाच हेतू. फोन केल्यामुळे तिला तयारीला वेळ मिळतो, हे माझ्या उशिरा लक्षात आलं. मी पोचायचे तेव्हा ती दारात उभी असायची, केस विंचरलेले, ओटा पुसलेला, बाळ पावडर लावून पाळण्यात. डोळ्यांखाली काळं. म्हणून मग मी जाणंच कमी केलं. तुम्ही वर्षभर कळव्यात होता, नंतर बाबांना परदेशात नोकरी लागली. त्या वर्षात मी फोन न करता गेले ती एकदाच. एका शनिवारी दुपारी खाडीच्या पुलापलीकडे, कळव्यातच काम होतं आणि पिशवीत तुमच्यासाठी जांभळं होती.

दार बाबांनी उघडलं. ते दूध आणायला निघाले होते. मला पाहून क्षणभर दारातच थांबले. "ती झोपलीय," ते हळू आवाजात म्हणाले. मी म्हटलं, झोपू दे. त्यांनी एकदा आत पाहिलं, एकदा माझ्याकडे. "बस मग. मी आलोच." जाताना दार लोटलं, पण पूर्ण लावलं नाही.

खोलीचं दार उघडं होतं. तुझी आई आणि धाकटा दोघंही गाढ झोपले होते, चादर पायांत गोळा झाली होती. मी चपला बाहेरच काढल्या होत्या. हॉलमध्ये सोफ्यावर धुतलेल्या कपड्यांचा ढीग होता, तो थोडा सारून मी कडेला बसले. फरशीवर मुरमुरे सांडले होते. तू येऊन माझ्या शेजारी बसलीस आणि जांभळं मागितलीस, कुजबुजून. आपण दोघी जांभळं खात होतो, बिया मी रुमालात गोळा करत होते. मग केव्हातरी माझं लक्ष मांडीकडे गेलं. धाकट्याचं एक झबलं ढिगातून येऊन तिथे पडलं होतं, चौकोनी, नीट घडी होऊन. मी ते उलगडलं, थोडं चुरगळलं आणि पुन्हा ढिगात टाकलं. तू माझ्याकडे बघत होतीस.

बाबा दूध घेऊन आले तशी मी उठले. ती जागी व्हायच्या आत निघाले.

संध्याकाळी तिचा फोन आला. "आई, येऊन गेलात? उठवायचं ना. घर सगळं पसरलेलं होतं."

"माझं लक्षच नव्हतं," मी म्हटलं.

ती म्हणाली, "तुमचं? लक्ष नव्हतं?" आणि हसायला लागली. तोंडावर हात न ठेवता, मोकळी, इतकी की धाकटा जागा होऊन रडायला लागला आणि तिला फोन ठेवावा लागला. माझ्या घरात असताना मी तिला असं हसताना एकदाही ऐकलं नव्हतं. मी फोन हातात धरून बसून राहिले. कान तापले होते.